शारदीय अंकातली कंबर

तरुलतानं दुसरी लुची, मैद्याची ती फुगलेली पुरी, ताटातून उचलून परत टोपलीत टाकली, तशी सासूबाईंची जपमाळ थांबली.

"बरं नाही का गं?"

"बरी आहे, मा. पोट भरलं."

"एका लुचीनं? तुझं? या घरात आलीस तेव्हा पहिल्याच दिवशी अठरा खाल्ल्या होत्यास. मी मोजल्या होत्या."

 तरुलताची नजर जाळीच्या कपाटावर होती. कपाटात रसगुल्ल्यांचं मडकं होतं आणि कपाटाच्या दारावर खळीनं चिकटवलेली एक कंबर.

'रूपलेखा' मासिकाच्या शारदीय अंकाचं ते मुखपृष्ठ. गळ्यापासून कमरेखालपर्यंतचा काळा-पांढरा फोटो, चेहरा नव्हताच. फुग्याच्या बाह्यांचा लेस लावलेला ब्लाउज, रुंद काठाची गरद रेशमी साडी आणि मुठीत मावेल अशी कंबर. खाली छापलं होतं, 'यंदा पूजेला अशा दिसा.'

भवानीपूरच्या त्या गल्लीत तेव्हा एक अंक सात घरं फिरायचा आणि परत येईपर्यंत त्याची पानं कपड्यासारखी मऊ व्हायची. हा अंक पहिल्याच घरात अडला. कुणीतरी ब्लाउज ओळखला. वैशाखात धाकट्या सुनेच्या मुलाचं उष्टावण झालं, तेव्हा सासूबाईंनी दोन्ही सुनांना एकाच ताग्यातले ब्लाउज शिवून दिले होते. साड्याही जोडीच्या. फोटोवाल्या निवारणबाबूंनी दोन्ही बौदींचा, म्हणजे वहिनींचा, एकेक फोटो वेगळा काढला होता.

मग ही कंबर कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. धाकटी सुरमा बाळंतपणानंतरही वेताच्या छडीसारखी होती.

"मी कुणाला बोलले नव्हते बाई," ती लाजून म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर स्वतःच सांगून आली.

इथवर तरुलतानं हसण्यावारी नेलं असतं. पण चार दिवसांनी पूजामंडळाच्या बायका आल्या. चहा झाला, तळलेले गोड गजे खाऊन झाले, मग विषय निघाला. दशमीला स्टुलावर चढून देवीच्या गालांना विड्याचं पान लावून, तिच्या ओठांना संदेश मिठाई लावून पहिला निरोप द्यायचा मान गेली बावीस वर्षं तरुलताचा होता.

"यंदा सुरमाला चढू दे स्टुलावर," त्यातली एक म्हणाली. "मुखपृष्ठावरची बाई आपल्या पूजेत आहे, लोकांना दिसायला नको? शिवाय दीदी, ते स्टूलही आता जुनं झालंय."

स्टुलाचं नाव निघालं आणि तरुलताच्या कानशिलांना आग लागली.

"दशमीपर्यंत सुरमाचा तो ब्लाउज मला झाला नाही," ती म्हणाली, "तर ताट मी माझ्या हातानं तिला देईन."

"अगं दीदी, असं काय बोलतेस!" म्हणत सुरमा धावत वर गेली आणि ब्लाउज घेऊन तितक्याच धावत खाली आली.

त्या दिवसापासून घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. बाकीच्यांना लुच्या, आलूदम, मासे. तरुलताला उकडलेली पपई. कपाट उघडायला हात गेला की समोर ती कंबर येई आणि हात मागे फिरे. फोटोतल्या कोपरावर एक काळा डाग होता. डाळीचा थेंब उडाला असेल म्हणून तिनं तो ओल्या पदरानं दोनदा घासला. गेला नाही. 'हाही सुरमासारखाच चिवट,' ती पुटपुटली.

दर शनिवारी दार लावून ब्लाउज घालून बघणं व्हायचं. पहिल्या शनिवारी एकच हात गेला. दुसऱ्या शनिवारी दोन्ही गेले, पण मग बाहेर येईनात. सासूबाईंना बोलवावं लागलं.

"ब्लाउज आहे की उंदराचा पिंजरा?" ओढता ओढता सासूबाई म्हणाल्या. "माझ्या काळी सून बारीक झाली की लोक सासूला नावं ठेवायचे."

नवमीला घरात इलिश मासा तळला जात होता. उपाशीपोटी डोकं गरगरत असतानाही तरुलता कढईपासून हातभर लांब उभी होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी अशाच एका ओल्या तुकड्यानं तिला जन्माची आठवण दिली होती. तिनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः पपई खाल्ली.

दशमीच्या सकाळी सहापैकी चार हूक लागले. दोन राहिले.

तिनं ब्लाउज घडी करून ठेवला. तोंड धुतलं. पान, शेंदूर, संदेश, सगळं ताटात नीट मांडलं आणि अंगणात येऊन ताट सुरमाच्या हातात दिलं. सासूबाई तोंड फिरवून बसल्या.

तेवढ्यात दारातून निवारणबाबू आले. काखेत छत्री, हातात मोठं पाकीट.

"रूपलेखाच्या संपादकांनी पाठवलंय मला. म्हणाले, हिवाळी अंकालाही त्याच बाई पाहिजेत."

सुरमानं ताट सावरलं, पदर सावरला. "आज गडबड आहे हो. उद्या या ना."

"उद्या येतो. मी दोन्ही बौदींचे फोटो नेले होते. त्यातला एक संपादकांनी बघताक्षणी परत केला."

सुरमानं मोठ्या मायेनं जावेकडे पाहिलं.

"म्हणाले, हा ब्लाउज खुंटीला टांगल्यासारखा दिसतो."

सुरमाच्या चेहऱ्यावरची माया तिथंच गोठली. सासूबाईंनी उठून तिच्या हातातलं ताट हळूच काढून घेतलं.

निवारणबाबूंनी छत्री टेकवली आणि ओशाळून मान खाली घातली.

"दुसऱ्यावर मात्र मला तीन दिवस ब्रश चालवावा लागला. सगळा वेळ कंबर घासून बारीक करण्यातच गेला आणि कोपरावरचा तो भाजल्याचा डाग पुसायचा राहिला. एवढी माफी करा, मोठ्या बौदी."