पाखरीचं जेवण

पाखरीनं पाटीतले हरभरे हुंगले आणि मान फिरवली. आज तिसरा दिवस.

छगननं पाटी उचलून पुन्हा तिच्या तोंडाशी धरली. घोडी एक पाऊल मागं सरकली. शर्यत आठ दिवसांवर आली होती. घोडेगाव ते नगर आणि परत, चोवीस कोस. नगरला जनावरांचा डॉक्टर प्रत्येक घोडं तपासणार होता. बरगड्या दिसणारी ही घोडी तो तिथंच थांबवणार, हे छगनला कळत होतं. त्याची बायको तर म्हणत होती, येत्या बाजारात नेऊन उभी करा.

घोडी मूळची त्याच्या थोरल्या भावाची, बन्सीची. बन्सीनं तिच्यावर सलग तीन वर्षं ही शर्यत मारली होती. घोड्याला खाऊ घालावं ते बन्सीनंच, असं सगळी पंचक्रोशी म्हणायची. सत्तर सालच्या दिवाळीआधी तो तापानं गेला. दहावं-तेरावं झाल्यावर छगननं घोडी आपल्या वस्तीवर आणली. चांगुणावहिनीला मूलबाळ नव्हतं. ओढ्यापलीकडच्या घरात ती एकटीच राहिली.

खुराक छगननं तिलाच विचारून घेतला होता. रात्रभर भिजवलेले हरभरे, शिजवलेलं जवस, लसूणघासाची पेंढी आणि लांबची फेरी झाली की कोमट पाण्यात गूळ-मीठ. त्यानं सगळं तसंच केलं. तरी घोडी दिवाळीपासून रोडावत गेली आणि आता तर दाण्याला तोंडच लावीना. गावच्या जनावरांच्या डॉक्टरनं दात पाहिले, जंताचं औषध पाजलं. फरक पडला नाही.

शेवटी तो ओढा ओलांडून गेला. दादा खुराकात आणखी काही घालत असणार, एखादी मुळी, एखादा पाला, तेवढं सांगा, अशी त्यानं वहिनीला गळ घातली. ती भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून त्याच्याबरोबर निघाली.

गोठ्यात तिनं तीच पाटी घोडीपुढं ठेवली. शेजारी जमिनीवरच बसली, फडकं सोडलं आणि भाकरी मोडून खाऊ लागली. घोडीशी एक शब्दही बोलली नाही. पाखरीनं वाकून तिच्या पदराचा वास घेतला. मग पाटीत तोंड घातलं. बराच वेळ गोठ्यात दोघींच्या चावण्याचाच आवाज येत होता.

पाटीचा तळ दिसला तेव्हा छगननं ती उचलून बाजूला ठेवली. तो हळू आवाजात म्हणाला, "म्हंजी दादा रोज आसा हिच्याजवळ बसून जेवायचा. उद्यापासनं मी बसतो, वैनी."

चांगुणानं फडकं झटकलं.

"तुमचे दादा फेरीवरनं आले की गावात जायाचे, भावजी. मानसांत बसायचे, तिकडंच जेवून यायचे. पाखरी आल्यापासनं घरात आमी दोघीच जेवायचो."