विळ्याचा डाग

मुरारी मिस्त्रीनं जुन्या लॉरीच्या पंख्याच्या सपाट पुल्या काढून खाचेच्या बसवल्या आणि मुंबईहून मागवलेला रबरी पट्टा चढवला. “आता कशेडी घाटात इंजिन तापायचं नाय, हैबतीदादा. हा जुना चामड्याचा फेकून देऊ?” हैबतीनं तो पट्टा चिंधीनं पुसला, तसा तेलाखालून डाग वर आला: टोक मोडलेल्या विळ्याचा. घाटात गाडी ओढून पाखऱ्या बैलाचा खांदा सुजला, तेव्हा घरचा तोच विळा तापवून हैबतीनं तिथं डागलं होतं. पुढं लॉरी घेतल्यावर, “मरेस्तोवर गोठ्यात सांभाळीन,” असा उमरठच्या पाव्हण्यानं शब्द दिला, म्हणून बैल विकला. हा चामड्याचा पट्टा महाडच्या बाजारातून आणून तीन वर्षं झाली होती. “काय झालं, दादा?” हैबती डागावरून अंगठा फिरवत राहिला. “कशेडीतून सुटावा म्हनून इकला रे त्याला. अन् तीन वरसं मी रोज त्यालाच घाटात पळवत व्हतो.”