नुसतं बटण दाबा

आमचा वर्गशिक्षक एस्बेन. त्याला शाळेसाठी दर महिन्याला नवीन अ‍ॅप लागायचं, जसे काहींना नवीन बूट लागतात. सप्टेंबरात त्याने सगळ्यांच्या टॅबमध्ये एक लाल बटण टाकलं. म्हणाला, "कोणी त्रास दिला तर नुसतं दाबा. बोलायची गरज नाही, मला लगेच कळेल."

सायकलींच्या शेडमागे तीन पोरं मला रोज अडवायची, आणि वर तो तमाशा शूट करायची. मी रोज बटण दाबलं. दर वेळी हिरवी अक्षरं यायची, ‘तुझं म्हणणं पोचलं.’ एस्बेन मात्र मान खाली घालून पुढचंच काहीतरी डाउनलोड करत बसलेला असायचा. फेब्रुवारीत मी शाळाच सोडली.

काल हॉर्सन्स गावातल्या बेकरीत रांगेच्या नंबराची चिठ्ठी घेऊन उभी होते, तर एस्बेन समोर. मिशीला दालचिनीच्या रोलची साखर चिकटलेली.

"टिल्डे! शाळा का गं सोडलीस? एका शब्दाने सांगायचंस तरी!"

"रोज बटण दाबत होते की. पाच महिने."

"ते होय? अगं, ते महिनाभरच फुकट होतं. नंतर मी उघडलंच नाही," असं म्हणून त्याने बोटं चाटली.



त्याच चाटलेल्या बोटांनी त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला, "हे नवीन बघ, खास शाळा सोडलेल्या पोरांसाठी! नुसतं दाबायचं, बोलायची गरजच नाही."