सत्तरीचे दात

बाई एकटीच आत आली आणि दवाखान्याच्या खुर्चीत बसली. कवळीवाल्याने दाराकडे पाहिलं. मागून कुणी येईना.

“आजी खाली थांबल्यात का?” त्याने विचारलं.

“कुठल्या आजी?” बाई म्हणाली. बोलताना तिने तोंडावर हात धरला होता.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवता चढवता मान वर केली. “काका, ह्याच त्या. वरची कवळी ह्यांचीच.”

कवळीवाल्याच्या मांडीवर डबी होती. तिच्या झाकणावर त्याने हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

तीस वर्षं तो लोकांचे दात घडवत होता, पण लोक त्याने क्वचितच पाहिले होते. त्याच्याकडे यायचा तो प्लास्टरचा जबडा आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठी न वाचता, नुसता जबडा हातात घेऊन वय सांगायचं, हा त्याचा जुना नाद. बायको चिठ्ठी धरून समोर बसायची. दोन-चार वर्षांपलीकडे तो कधी चुकला नव्हता. गेल्या आठवड्यात हा जबडा आला. त्याने त्यावर अंगठा फिरवला. वर एकही दात नाही, हाड झिजून सपाट. खाली पुढचे सहा, तेही निम्मे घासलेले.

“बाहत्तर,” तो म्हणाला.

“अहो, इथे एकतीस लिहिलंय.”

“लिहिणाऱ्याला डुलकी लागली असेल. प्लास्टर थापा मारत नाही.”

“आणि मारल्या तर?”

“तर महिनाभर भांडी मी घासीन.”

मग त्याने बाहत्तर वर्षांचे दात लावले. म्हाताऱ्या तोंडात कोवळे दात घातले की ते उसने आणल्यासारखे दिसतात, असं त्याचं मत होतं. रंग पिवळट निवडला. कडा कानशीने झिजवल्या. पुढचे दोन किंचित एकमेकांवर चढवले. एकावर केसाएवढा तडासुद्धा काढला. आज मेणात रोवलेले ते दात तोंडात घालून बघायचे होते, मग कवळी पक्की करायची. काम घाईचं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यालाच बोलावून घेतलं होतं.

“तुम्ही माझा जबडा बघून आजी म्हणालात ना?” बाईने विचारलं. आवाजात राग नव्हता. “सहा वर्षं मी क्रिस्टल मेथची नशा करत होते. तोंडातली लाळ आटली. दातांवर दात घासत राहायचे, मला पत्ताही नसायचा. एक दात तर बोलता बोलता हातात आला.”

तिने बाही वर सारली. कोपरापर्यंत बारीक, पांढरे व्रण होते. “कातडीखाली किडे चालतायत असं वाटायचं. खणून काढायला बघायचे. हृदयाचं म्हणाल, तर डॉक्टर म्हणतात, साठीतल्या बाईचं आहे. आणि बोलताना वाक्य अर्ध्यावर सुटायचं. आता सोडून दीड वर्ष झालं. आता...” ती थांबली, डोळे मिटले, पुन्हा उघडले. “आता बहुतेक शेवटपर्यंत जातं.”

कवळीवाल्याने मनात हिशेब मांडला. चाळीस वर्षं चावून जे झिजतं, ते एका पुडीने सहा वर्षांत झिजवलं होतं. कानशीवर आयुष्य काढलेल्या माणसाला असं काम करणारी कानस ठाऊक नव्हती. आणि त्यातून उरलेली बाई समोर बसून वाक्य पुरं करत होती.

“रविवारी माझी मुलगी येणार आहे,” ती म्हणाली. “आठ वर्षांची. दोन वर्षांमागे आली तेव्हा माझ्या आईच्या पाठीमागे लपली. म्हणाली, ह्या आजी कोण? ह्या वेळी मला तिच्यासमोर हसायचंय. हात न ठेवता.”

“मॅडम,” कवळीवाला डॉक्टरीणबाईंकडे बघत उठला. “ही आज नको. घोटाळा झालाय माझ्याकडून.”

पण बाईने हात पुढे केला होता, आणि डबी न देण्याचं कारण त्याला सांगवेना.

तिने दात बसवले आणि आरसा घेतला. आरशात एक म्हातारी होती. तडा गेलेला दात, पिवळट झिजलेल्या कडा. बाईने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग हसून पाहिलं.

“ही मी कितीची?”

“बाहत्तर,” कवळीवाला खाली बघत म्हणाला. “चूक माझी आहे, ताई. एकतीसचे लावून देतो. शनिवारी सकाळी तुमच्या हातात असतील.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने दात काढले, पण डबीत ठेवले नाहीत. “ह्यांचं काय करणार?”

“मेण वितळवायचं. दात मोडीत.”

“नका वितळवू.” तिने दात तळहातावर धरले होते. “काका, मी पन्नाशी गाठेन असंसुद्धा कुणी म्हणत नाही. हृदयाचे डॉक्टर पुढच्या तपासणीपलीकडचं बोलत नाहीत. बाहत्तर म्हणणारे तुम्ही पहिले. पक्के करून ठेवा. मी घ्यायला येईन.”

हिरडी दरवर्षी बदलते. आज बसणारी कवळी दहा वर्षांनी बसत नाही, मग चाळीस तर सोडाच. हे सांगायला त्याने तोंड उघडलं. मग खिशातलं पेन काढलं, डबीच्या झाकणावर ठळक आकड्यात ७२ लिहिलं, आणि दात त्यात अलगद ठेवले.

“येताना अर्धा तास आधी या,” तो म्हणाला. “थोडं घासून बसवावं लागेल.”