सुईआधी फुगडी

भाषण संपलं आणि आंब्याखाली बसलेल्या बायका उठून घरी निघाल्या. फेलोशिपवर मलावीत आलेली डॉक्टर ऋजुता बघतच राहिली. शेजारच्या गावात गोवर पसरला होता, पेटीत लस तयार होती, आणि एकही आई बाळाला पुढे आणेना.

“माझं काय चुकलं गं?” तिने रडवेली होऊन नर्स चिसोमोला विचारलं.

“अगं, इथे आधी नाचगाणं, मग काम. सुरुवात पाहुणीने करायची असते. तू तर थेट आजारावरच घसरलीस!”

ऋजुताला ना धड गाता येत होतं, ना नाचता. तिने लाज गुंडाळून ठेवली, एका आजीबाईंचे हात तिढा घालून धरले, पायाला पाय भिडवले आणि मंगळागौरीतली फुगडी सुरू केली. आजीबाई आधी किंचाळल्या, मग हसू लागल्या. निघालेल्या बायका टाळ्या वाजवत परत फिरल्या, गाऊ लागल्या.

फुगडी थांबली. धापा टाकत आजीबाईंनी नातवाला मांडीवर घेतलं. त्यांच्यामागे रांग लागली. ऋजुता सुई घेऊन झोकांड्या खात आली.

“थांब गं पोरी!” आजीबाई ओरडल्या. “आधी तुझी चक्कर जाऊ दे, मग टोच!”