धोपटणं

ओढ्यातून वाहून आलेली वस्तू ज्याला सापडेल त्यानंच मालकाच्या दारी पोचवायची, हा दोन्ही वस्त्यांचा जुना नियम. म्हणून खालच्या वस्तीतला बिनलग्नाचा सुतार महिन्यात तिसऱ्यांदा वरच्या वस्तीत निघाला, एकट्या राहणाऱ्या शिंपिणीचं कपडे धुण्याचं धोपटणं घेऊन. दर खेपेला चहा व्हायचा, गप्पा रंगायच्या. या खेपेला मात्र त्यानं मुठीला भोक पाडून दोरी ओवून नेली. "झाडाला बांधून ठेवा, म्हणजे वाहून जाणार नाही!" शिंपिणीनं दोरी दोनदा ओढून पाहिली. घरी त्यानं ही हुशारी सांगितली, तर आत्यानं कपाळावर हात मारला. "आता तिच्याकडे कुठल्या निमित्तानं जाशील?" सुताराचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्याच सकाळी ओढ्यातून धोपटणं डुलत आलं. "आत्या, दोरी तुटली!" सुतार नाचतच ओरडला. आत्यानं टोक निरखलं. "तुटली कसली, ठोंब्या! कात्रीनं कापलीय. सदरा बदल."