जिन्यावरची शीळ

कोमातल्या रुग्णाच्या घरच्यांना सगळं नीट समजावून सांगणं हे सिस्टरचं काम. "हे यंत्र श्वास देतं, हा टिकटिक आवाज नाडीचा," ती रुग्णाच्या म्हाताऱ्या आईला सांगत होती.

"आणि ही शीळ कसली?"

"शीळ कुठलीच वाजत नाही, आजी."

"जिना चढताना माझा मुलगा अशीच घालतो. परवा खालच्या मजल्यावर होती. काल पार दाराशी आली."

सिस्टरनं तिचा हात हातात घेतला. जवळच्या माणसांना असे भास होतात, असं ती सांगू लागली आणि मध्येच थांबली.

शीळ तिलाही ऐकू येत होती.

पडद्यावरचे आकडे जागचे हलले नव्हते. शीळ मात्र एकेक पायरी उतरत चालली होती.

"सिस्टर, तुम्ही हाक मारून बघा," आई म्हणाली. "माझं तो ऐकत नाहीये."